निळी पेटी, सुशीलाचं ताट आणि मुनीमकाकांचं माळवद

(कॅमेऱ्यासमोर. मागं तुरीच्या पोत्यांची थप्पी, भिंतीवर नुकताच मारलेला चुना.)

राम राम मंडळी. आज आवाज जरा घुमतोय, कारण मी घरातून बोलत नाही. लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर बसलोय. मागची ही भिंत दिसतीय ना, तिच्यावर गेल्या शनिवारी रात्री मी एक पिक्चर दाखवला. 'मलहॉलंड ड्राइव्ह'. २००१ सालचा, डेव्हिड लिंच या अमेरिकन दिग्दर्शकाचा. बघणारे होते माझी मावशी, आमचे मुनीमकाका, गंजगोलाईत बांगड्यांचं दुकान असलेले चाचा आणि नीटची तयारी करणारा मावसभाऊ. म्हणजे सिनेमाचा अभ्यास वगैरे केलेला एकही माणूस नाही.

आधीच सांगतो, पुढं सगळा पिक्चर उघडा करून बोलणार आहे. बघायचा असेल तर इथंच थांबा, बघून या. मी कुठं जात नाही.

तर या चॅनेलवर तीन वर्षांपूर्वी मी याच पिक्चरचा शेवट समजावून सांगणारा व्हिडिओ केला होता. बाण काढून, डावीकडं स्वप्न, उजवीकडं वास्तव. बऱ्याच जणांना आवडला. शनिवारनंतर मला तो बघवेना. त्यात चूक अशी काही नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, तो प्रश्न त्या रात्री फक्त मावसभावाला पडला होता.

गोष्ट थोडक्यात. बेट्टी नावाची हसरी पोरगी हिरोईन व्हायला लॉस एंजेलिसला येते. आत्याच्या घरात तिला एक अनोळखी बाई सापडते. गाडीच्या अपघातातून वाचलेली, स्वतःचं नावही विसरलेली. भिंतीवरच्या जुन्या पोस्टरवर रिटा हेवर्थचं नाव वाचून ती आपलं नाव रिटा सांगते. पर्समध्ये नोटांची बंडलं आणि एक निळी चावी. दोघी मिळून ही बाई कोण ते शोधायला निघतात. दोन तासांच्या आसपास एक निळी पेटी त्या चावीनं उघडते, आणि पुढं तीच माणसं, तेच चेहरे, पण नावं वेगळी. बेट्टी आता डायन, हरलेली, सुजलेल्या डोळ्यांची. रिटा आता कॅमिला, यशस्वी नटी, डायनला सोडून गेलेली. डायननं तिच्या खुनाची सुपारी दिलेली. बहुतेक लोक लावतात तो अर्थ असा: शेवटचा भाग खरा, आणि आधीचे दोन तास म्हणजे डायनला पडलेलं स्वप्न.

मावसभाऊ पिक्चर संपल्या संपल्या म्हणाला, "दादा, मग आन्सर काय? खरं का स्वप्न, ए का बी?" लातूरचं लेकरू आहे, त्याचा दोष नाही. पण त्याची दुसरी शंका फार नेमकी होती. "सुरुवातीला ते पोलीस आले होते, मोठा ॲक्टर वाटत होता त्यातला एक. ते परत आलेच नाहीत की!"

याचं उत्तर पिक्चरमध्ये नाहीच. हा मुळात पिक्चर नव्हता. १९९९ मध्ये लिंचनं एबीसी या अमेरिकन वाहिनीसाठी मालिकेचा पहिला भाग म्हणून हे चित्रित केलं. वाहिनीनं बघितलं आणि नको म्हणाली. पुढं फ्रान्सच्या स्टुडिओ कनालनं पैसा घातला, नवे प्रसंग घेतले, शेवट जोडला. म्हणजे ते पोलीस पुढच्या एपिसोडात यायचे होते, आणि पुढचा एपिसोड कधी झालाच नाही. रॉबर्ट फॉर्स्टरसारखा नट एका प्रसंगापुरता येतो आणि गायब होतो, त्यामागं हे आहे. आता गंमत बघा. स्वप्नातही असंच होतं. एखादा माणूस ऐटीत येतो, वाटतं आता हा काहीतरी करणार, आणि पुन्हा दिसतच नाही. निर्मितीतली अडचण होती, ती पडद्यावर स्वप्नाचा स्वभाव होऊन बसली. लिंचनं हे ठरवून केलं असं जे ठासून सांगतात, त्यांच्यावर माझा फार विश्वास नाही.

बरं, २००२ मध्ये डीव्हीडी आली तेव्हा तिच्यात एक कागद घातला होता, कोडं सोडवायच्या दहा खुणा. लाल लॅम्पशेडकडं बघा, झगा, ॲशट्रे आणि कॉफीचा कप बघा, असलं सगळं. परीक्षेआधी 'अपेक्षित' वाटतात तसं. मी तो कागद मावसभावाला वाचून दाखवला तर त्याचे डोळे चमकले. मावशी म्हणाली, "कप बघत बसू का बाई बघू?"

लिंच स्वतः अर्थ सांगायचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये गेला, तोवर सांगितला नाही. एवढंच नाही, त्या डीव्हीडीवर चॅप्टरसुद्धा ठेवले नाहीत. पिक्चर एका बैठकीत सलग बघावा असा त्याचा हट्ट. माझ्याकडची डिस्क तसलीच. आणि या हट्टानं शनिवारी माझी जी फजिती केली! दोघींचा एक प्रसंग आहे, घरच्यांसोबत बघण्यासारखा नाही. मी रिमोट घेऊन पुढं ढकलायला गेलो तर ढकलायला चॅप्टरच नाही. शेवटी समोर सुशीलाचं, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांचं, ताट होतं, ते उचलून प्रोजेक्टरपुढं धरलं. मिनिटभर भिंतीवर ताटाची गोल सावली आणि आजूबाजूनं उजेड. अर्धे मुरमुरे माझ्या मांडीवर. मावशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला आदीच कळालं होतं त्या दोघींचं. ताट कशाला धरलास?"

आता खरं बोलायचंय ते दोन प्रसंगांवर.

पहिला, हॉटेलातला. सुरुवातीलाच आहे. एक माणूस दुसऱ्याला आपलं स्वप्न सांगतोय. याच हॉटेलात मी बसलोय, तू तिथं गल्ल्यापाशी उभा आहेस, मला भीती वाटतीय, कारण हॉटेलामागं एक माणूस आहे. दुसरा म्हणतो, चल, बघून येऊ. आणि मग तो पैसे द्यायला उठतो, गल्ल्यापाशी उभा राहतो. तंतोतंत स्वप्नातल्यासारखा. भर उन्हात दोघं हॉटेलाला वळसा घालून मागं जातात. अंधार नाही, मांजर नाही, कडाडकन वाजणारं काही नाही. कॅमेरा तेवढा हातात धरल्यासारखा जरा तरंगत असतो. काय होणार ते तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय, तरी प्रत्येक पावलाला वाटतं, नको रे बाबा, मागं फिर. चाचांचा हात चिवड्याच्या ताटलीत होता तो तिथंच राहिला. भिंतीमागून तो चेहरा आला तेव्हा चाचा फक्त "या अल्ला" म्हणाले आणि ताटली हळूच बाजूला सारली. नंतर कुणी खाल्लं नाही.

दुसरा प्रसंग सिलेन्सियो क्लबचा. रात्री दोन वाजता दोघी एका जुन्या थिएटरात जातात. स्टेजवर एक माणूस ओरडून सांगतो, इथं वाद्यवृंद नाही, सगळं टेपवर आहे. स्पॅनिशमध्ये म्हणतो, "नो आय बांदा". मी तीन आठवडे खपून मराठी सबटायटल केले होते, पण चाचा वाचत नव्हते, कानानं ऐकत होते. म्हणाले, "बंदा नै बोलरा रे उने!" सगळे हसले. पण विचार करा, किती बरोबर ऐकलं. वाजतंय, पण वाजवणारा बंदा नाही. ट्रम्पेटवाला येतो, वाजवतो, मधेच ट्रम्पेट तोंडापासून बाजूला करतो, आवाज चालूच.

मग एक बाई येते, रेबेका डेल रियो. साथीला काही नाही. स्पॅनिशमध्ये विरहाचं गाणं म्हणते. मी तेव्हा भिंतीकडं बघत नव्हतो, मावशीकडं बघत होतो. तिला भाषा कळत नाही, त्या गाण्याला मी सबटायटलही दिले नव्हते. पदर नाकाला लागला. मग ती बाई स्टेजवर कोसळते, तिला उचलून नेतात, आणि गाणं तसंच चालू राहतं. टेप! आधी सांगितलं होतं की टेप आहे म्हणून. मावशीचा पदर तिथंच. "बाई पडली की गं," म्हणाली, "मग मी कशाला रडायले?" आणि रडतच होती.

या प्रश्नावर जगभर पानंच्या पानं लिहिली गेलीत. रॉजर एबर्टसारखा समीक्षक, ज्यानं लिंचच्या 'ब्लू व्हेल्वेट'ला एक तारा दिला होता, त्यानं याला चार दिले आणि लिहिलं की हा पिक्चर संगीतासारखा थेट भावनेवर काम करतो. २०१६ मध्ये बीबीसीनं १७७ समीक्षकांना विचारलं तर एकविसाव्या शतकातला सगळ्यात चांगला पिक्चर म्हणून हाच पहिला आला. पण मावशीला ही युक्ती नवी नव्हती. आपण पैठणच्या नाथांच्या भारुडावर वाढलेली माणसं. गल्लीतला मिशीवाला माणूस आपल्यासमोर लुगडं नेसतो, डोक्यावर पदर घेतो, आपण खो खो हसतो, आणि दहा मिनिटांत तो सासुरवाशीण असतो. कुणी म्हणत नाही की अरे, हा तर आपला पिठाच्या गिरणीवाला. म्हणजे म्हणतात, पण मान हलवत म्हणतात.

मुनीमकाका सगळा वेळ गप्प होते. मला वाटलं झोपले. किल्लारीकडचे आहेत. दिवे लावले, मावसभाऊ ए का बी करायला लागला, तेव्हा त्याला म्हणाले, "उगं बस की जरा." मग सांगायला लागले. शब्द जमतील तसे त्यांचेच ठेवतो.

"मला कदीमदी सपनात जुनं घर दिसतंय. त्र्याण्णवला पडलेलं. माळवद नीट असतंय, भिंती नीट. मला सपनातबी ठावं असतंय की हे पडलेलं हाय. तरी मी आत जातो. माय भाकर थापायली असती. मी काई बोलत न्हाई. बोललं की जाग येती."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास, गणपती विसर्जनाची रात्र सरताना झालेला भूकंप. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि खाली झोपलेली माणसं.

काका पुढं म्हणाले, "ह्या पोरीनंबी तेच केलंय. हातानं मोडून बसली, अन सपनात नीट करायली. त्या क्लबात तिला कळालं की आता जाग येणार. म्हणून तर थरथरायली."

खरंच, त्या क्लबात बेट्टी खुर्चीत बसल्या बसल्या थरथरते. माझ्या बाणांच्या व्हिडिओत त्याच्यावर अर्धं वाक्य होतं. ती पेटी तिथंच तिच्या पर्समध्ये सापडते, आणि घरी आल्यावर पेटी उघडायच्या आधी बेट्टी खोलीतून नाहीशी झालेली असते. जागं होणारा माणूस स्वप्नात उरत नाही.

मावसभाऊ वही मिटून बसला होता. हळूच म्हणाला, "मग आन्सर बीच ना?" त्याला कुणी रागावलं नाही.

जुना व्हिडिओ मी काढत नाही, खाली आहे, बाण आवडणाऱ्यांनी बघा. येत्या शनिवारी परत भिंतीवर काहीतरी लावणार आहे. मावशीला विचारलं काय लावू. म्हणाली, "त्योच लाव. पण पेटी उघडायच्या आदी बंद कर."