सेन्सर आत तरंगतोय, मग स्वॅब कसा मारायचा? आयबिसवाल्या कॅमेऱ्याची घरच्या घरी सफाई

नमस्कार मंडळी! जेजुरीला सोमवती अमावस्येचा भंडारा शूट करून आलात, किंवा मे महिन्यात ताडोबात जिप्सीत बसून धूळ खात वाघ शोधलात, की घरी येऊन लॅपटॉपवर फोटो उघडायचे आणि निळ्या आकाशात काळपट ठिपके दिसायचे, हे ठरलेलं. मग मेसेज येतात, दादा सेन्सर घरी साफ केला तर चालेल का, पण माझ्या कॅमेऱ्यात आयबिस आहे, म्हणजे हात हलला तर फोटो पुसट होऊ नये म्हणून फोटो टिपणारा सेन्सरच हलवायची सोय, तो सेन्सर आत हलतो म्हणे, मोडणार तर नाही ना? चालेल. पण आधी तो आत कसा बसवलाय ते बघू, कारण निम्मी भीती तिथेच जाते आणि उरलेली निम्मी खरंच बाळगायची असते.

साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सर बॉडीला घट्ट बसवलेला असतो. आयबिसमध्ये तो एका सरकत्या प्लेटवर असतो, आजूबाजूला लोहचुंबक आणि कॉइल, कॉइलमधून करंट गेला की प्लेट वर-खाली, डावी-उजवीकडे सरकते आणि थोडी गोलही फिरते. तुमचा हात हलला की जायरोला, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या भागाला, कळतं आणि सेन्सर तेवढाच सरकून ते भरून काढतो. आयडिया तशी जुनीच आहे, कोनिका मिनोल्टाने २००४ मध्ये डीएसएलआरमध्ये आणली, पुढे त्यांचा कॅमेऱ्यांचा धंदा २००६ मध्ये सोनीकडे गेला, ऑलिंपसने २०१२ ला ई-एम५ मध्ये पाच अक्षांवर सेन्सर हलवून दाखवला, २०१४ ला सोनी ए७ मार्क टू आला, आणि कॅननवाले मात्र २०२० मध्ये आर५, आर६ येईपर्यंत लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनवरच काढत होते.

आता खरा मुद्दा. सेन्सरला मधोमध धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे करंट, मग कॅमेरा बंद केल्यावर त्याला धरणार कोण? इथे प्रत्येक कंपनीचा कारभार वेगळा आहे. पॅनासॉनिक आणि ऑलिंपसच्या बऱ्याच बॉडी बंद करून हलक्या हाताने हलवल्या तर आतून टकटक आवाज येतो, नवीन कॅमेरा घेतलेली माणसं घाबरून दुकानात परत घेऊन जातात, पण तो बिघाड नाहीये, सेन्सर मोकळा झालाय एवढंच. निकॉन झेड९ मध्ये उलट, कॅमेरा बंद केला की सेन्सर मेकॅनिकली लॉक होतो. सोनीत मेन्यूमधून सेन्सर क्लीनिंग निवडायचं, तो स्वतः थरथरतो आणि मग सांगतो की कॅमेरा बंद करा आणि साफ करा, बॅटरी अर्ध्याच्या खाली असेल तर तो हे करूच देत नाही. कॅननमध्ये मॅन्युअल क्लीनिंगचा वेगळा ऑप्शन आहे. म्हणून माझा आग्रह एकच, यूट्यूबवर कुणीतरी दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्यावर केलेलं बघून तसंच करू नका, अगदी माझा व्हिडिओ बघूनही नको, आपल्या मॉडेलची मॅन्युअल फुकट पीडीएफ मिळते, त्यातलं सेन्सर क्लीनिंगचं पान उघडा आणि कॅमेरा चालू ठेवायचा की बंद ते तिथून ठरवा. आणि बॅटरी फुल चार्ज. सफाई चालू असताना बॅटरी संपली आणि शटर, म्हणजे सेन्सरसमोरचा पडदा, मिटलं, तर स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची चपटी काठी, थेट शटरच्या पातळ पात्यांवर जाईल.

शटरवरून आठवलं, कॅनन आर५ किंवा सोनी ए७ फोर सारख्या बॉडीत बंद केल्यावर शटर खाली येऊन सेन्सर झाकायची सोय आहे. धुळीसाठी भारी आहे, पण लेन्स काढल्यावर समोर जे दिसतंय तो सेन्सर नसून शटर असू शकतं. त्याला बोट, ब्लोअरचं टोक, काही म्हणजे काही लावायचं नाही. तसं सेटिंग तुमच्या मेन्यूत असेल तर सफाईच्या आधी ते बंद करा.

आधी बघू घाण आहे तरी किती. आयएसओ १००, अपर्चर एफ १६ किंवा एफ २२, फोकस मॅन्युअल करून बिघडवायचा, आणि पांढरी भिंत किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढायचा, काढताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवा, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे तिथेच राहतात. एक लक्षात ठेवा, फोटोत ठिपका वर असेल तर सेन्सरवर तो खाली असतो, पण समोरून बघताना डावं-उजवं तसंच राहतं. हे माहीत नसल्यामुळे लोक भलत्याच कोपऱ्यात घासत बसतात.

आता ब्लोअर. दहातली नऊ वेळा काम इथेच संपतं असं माझं मत आहे. कॅमेऱ्यातलं थरथरवायचं ऑप्शन आधी एकदा चालवा, मग लेन्स काढा, माउंटचं, म्हणजे लेन्स बसते त्या जागेचं, तोंड जमिनीकडे, आणि रबरी ब्लोअरने खालून वर फुंकर. पहिल्या दोन-तीन फुंकरी हवेतच मारा, ब्लोअरमधलीच धूळ आत जायला नको. टोक माउंटच्या आत घालायचं नाही. डब्यातली प्रेशरची हवा अजिबात नको, त्यातला द्रव उडून काचेवर बसतो. आणि तोंडाने फू तर नकोच नको, थुंकीचे थेंब धुळीपेक्षा वाईट. पंखा बंद, खिडक्या बंद, बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून जरा वेळाने तिथे बसलात तर हवेतली धूळ खाली बसलेली असते, फक्त वाफ पूर्ण जाऊ द्या.

परत टेस्ट फोटो. ठिपके गेले? झालं, व्हिडिओ बंद करा, चहा प्या. भंडारा किंवा विसर्जनाचा गुलाल आत गेला असेल, किंवा परागकण चिकटले असतील, तर ते फुंकरीने निघत नाहीत, मग ओली सफाई.

इथे एक दिलासा, तुम्ही खऱ्या सेन्सरला हात लावतच नसता, त्याच्या पुढे फिल्टरची काच असते, पुसतोय ती काच. पण त्या काचेवर कोटिंग असतं आणि ती सगळी प्लेट तरंगती आहे, म्हणून जोर लावायचा नाही. स्वॅब सेन्सरच्या उंचीएवढा रुंद घ्या, फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरला, २४ मिलीमीटर, एपीएससीला, म्हणजे त्याहून लहान सेन्सरला, १६. लहान स्वॅब घेऊन चार पट्टे मारले की मधे रेघा राहतात आणि मग माणूस परत परत घासतो, तिथेच घोळ होतो. सेन्सर क्लीनिंगचंच लिक्विड एक-दोन थेंब, स्वॅबच्या कडेवर, थेट काचेवर कधीच नाही, आणि जास्त झालं तर ते काचेच्या कडेने आत शिरतं. यातल्या काही लिक्विडमध्ये मिथेनॉल असतं, विषारी आणि ज्वालाग्राही, तेव्हा देवघरातल्या समईशेजारी बसून करू नका, लहान पोरांपासून लांब ठेवा. चष्मा पुसायचं लिक्विड, कोलिन, हे विसरा.

एका टोकाला स्वॅब टेकवायचा, किंचित तिरका, आणि एका दमात दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा. दाब किती? डोळ्यात काजळ घालताना बोट जेवढं टेकतं तेवढा. मग स्वॅब उलटा करून दुसऱ्या कोऱ्या बाजूने परत येताना एकदा, संपलं, तो स्वॅब कचऱ्यात, कितीही स्वच्छ दिसला तरी. ज्यांचा सेन्सर बंद असताना मोकळा असतो, त्यांना तो स्वॅबबरोबर किंचित सरकताना दिसेल, कडेला जाऊन थांबेल, दचकून हात मागे खेचू नका, पण तो थांबल्यावर पुढे ढकलूही नका. आणि स्टीलचा चिमटा आत न्यायचा नाही, आत चुंबक आहेत, चिमटा खेचला जाईल आणि काचेवर चरा.

जेल स्टिकचं विचारतात लोक, ती चिकट टोकाची. पेंटॅक्स स्वतः तशी काठी विकते, त्यामुळे ती वाईटच असं नाही, पण तरंगत्या सेन्सरवर चिकटवून बाहेर ओढणं मला पटत नाही, पुसताना आपण काचेला मागे टेकवतो, इथे पुढे खेचतो. मॅन्युअलमध्ये तुमच्या कंपनीने परवानगी दिली नसेल तर राहू द्या.

तेलाचा डाग, बुरशीचे धागे किंवा चरा दिसला तर मात्र घरी प्रयोग नको, सर्व्हिस सेंटरला द्या. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे माणूस ओळखीचा असेल तर विचारून बघा, पण देताना आयबिस बॉडी आहे हे आधी सांगा.

झाल्यावर लेन्स लावा, टेस्ट फोटो परत काढा, आणि स्टॅबिलायझेशन बंद करून काम केलं असेल तर चालू करायला विसरू नका. एकदा हातात धरून १/१० सेकंदाला फोटो घ्या, आधीसारखाच शार्प आला म्हणजे आतलं सगळं जागेवर आहे. एफ २२ ला एखादा बारीक ठिपका उरलाच तर उरू द्या, लग्नाचे फोटो एफ २.८ ला काढणाऱ्याला तो दिसणारही नाही, आणि कासच्या पठारावर एफ १६ ला लँडस्केप काढणाऱ्यांनी तो लाइटरूममध्ये एका क्लिकमध्ये उडवावा, त्यासाठी तिसरा स्वॅब उघडू नका.