ओक क्रीक: एल्कचं हिवाळी कुरण

दुपारी दीडच्या सुमाराला गवताचा ट्रक येतो. त्याआधीच एल्क उतारावरून खाली यायला लागलेले असतात. सांबराच्याच कुळातला, पण थंडीचा प्राणी. मोठा नर सहज तीनशे किलो भरतो. डोक्यावरची शिंगं मार्च-एप्रिलमध्ये गळतील. आत्ता ती दिमाखात आहेत.

हे ओक क्रीक. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं, कॅस्केड पर्वताच्या पूर्व उतारावरचं सरकारी वन्यजीव क्षेत्र. याकिमा शहरातून हायवे 12 धरायचा, नॅचीज गाव मागे टाकायचं. पुढं 410 क्रमांकाचा रस्ता फुटतो, तिकडं वळायचं नाही. बारा नंबरवरूनच आणखी दोनेक मैल.

इथले मूळचे एल्क शिकारीत संपले होते. 1913मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून नवे आणले. कळप वाढला, आणि वर बर्फ साचलं की जनावरं सवयीनं खोऱ्यात उतरू लागली. पण खोऱ्यात तोवर सफरचंदाच्या बागा झाल्या होत्या. कलमांचे कोंब, साल, शेतकऱ्यानं रचलेल्या गंजी, सगळंच फस्त. म्हणून 1940च्या दशकापासून हे कुंपण उभं राहत गेलं.

ही जाळी नीट पाहा. आठ फूट उंच, डोंगरकडेनं मैलोगणती गेलेली. तिची देखभाल कधी संपत नाही. झाड कोसळलं की तारा लोळतात. ओढ्याला पूर आला की खालची जाळी वाहून जाते. वाऱ्यानं बर्फाचा ढीग जाळीला टेकला, की आठ फुटांचे चार होतात आणि एल्क पलीकडे. शिवाय कुणीतरी फाटक उघडं टाकतंच.

कुंपणानं वाट अडवली, म्हणून चाऱ्याची जबाबदारी आली. गवत एका जागी ओतत नाहीत, लांब ओळीत पसरतात. नाहीतर दांडगे नर ढीग अडवतात आणि वासरं उपाशी राहतात. चारा सुरू करायची वेळही साधावी लागते. हिवाळाभर डहाळ्या चघळलेल्या जनावराला एकदम भरपूर सकस चारा दिला, तर कोटीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातले, जीवाणू तो पेलू शकत नाहीत. पोट भरलेलं असूनही जनावर दगावू शकतं.

पाहुण्यांसाठी थोडं. गाडीत डिस्कव्हर पास हवा, म्हणजे राज्याच्या जमिनीवर गाडी उभी करायचा परवाना. कुत्रा गाडीतच ठेवा. दुर्बीण घ्या. बर्फ कमी पडलं असेल, तर एल्क वरच चरतात, मग इथं फारसं काही दिसणार नाही. आधी चौकशी करून निघा.

या क्षेत्राचे मागचे काही भाग 15 डिसेंबर ते 1 मे पूर्ण बंद असतात, पायी जाणाऱ्यांनाही. हा नियम जाचक वाटतो, पण सगळ्यात मोलाचा तोच. एल्क हा काळ उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर काढतो. खोल बर्फात एकदा पळवला, की तेवढी चरबी जळाली. ती वसंतापर्यंत भरून निघत नाही, आणि माद्या तर गाभण असतात. गळलेली शिंगं गोळा करायला येणाऱ्यांनी 1 मेच्या सकाळपर्यंत दम धरायला काय हरकत आहे?

एका ओळीत एवढी तोंडं आली की रोगही पसरतो. हरणांचा क्षयकारी रोग (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, मेंदू पोखरणारा आणि जीवघेणा; आपला क्षय नव्हे) 2024मध्ये या राज्यातही सापडला, स्पोकेन शहराजवळच्या हरणात. चाऱ्याचा प्रश्न त्यामुळं अवघड झालाय.

परतताना 410च्या फाट्याजवळ क्लेमन डोंगराचा उतार दुर्बिणीनं चाळा. तपकिरी खडकांत पांढरे ठिपके हलले, तर त्या बिगहॉर्न, म्हणजे मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या, पाठमोऱ्या; त्यांचा पार्श्वभाग पांढरा असतो. गाडी मात्र रस्त्यात थांबवू नका, पूर्ण बाजूला घ्या.