बोट लागते ती कुणाला?

(हर्णै बंदर, संध्याकाळ. सुवर्णदुर्गावर कलतं ऊन, वाळूत मासळीचा लिलाव.)

पहिल्यांदा समुद्रात गेलेल्याला बोट लागते. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांसमोरची फळी मात्र जागची हलत नाही. दोन बातम्या जुळेनात की पोट ढवळतं. होडी हाकणारा तांडेल म्हणतो, खाली नको बघूस, लांब बघ, जिथे पाणी आभाळाला टेकतं तिथे.

हे झालं शरीराचं. पण ती मळमळ, शेजारच्या खलाशाला न कळणारी, ती कुठे असते?

(जाळं ओढणारे हात.)

मन आणि शरीर वेगळे मानणाऱ्या रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं १६४१ साली होडीचाच दाखला घेतला. खलाशी होडीत असतो तसा मी शरीरात नाही, असं त्यानं लिहिलं. होडीची फळी फुटली तर खलाशाला ती बघून कळते. दोरीनं तळहात कापला तर बघावं लागत नाही, कळच येते.

मग हे वेगळं मन शरीराला हलवतं कसं? मे १६४३ मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं त्याला पत्रातून हेच विचारलं. वय २४, घराण्याचं राज्य गेलेलं, मुक्काम हेगमध्ये. ढकलायचं तर स्पर्श हवा. ज्याला आकारच नाही त्याचा स्पर्श कसला? देकार्तनं एकाहून जास्त उत्तरं दिली. मन-शरीराची एकी रोजच्या जगण्यात, गप्पागोष्टींत कळते, असंही म्हणाला. तिचं उत्तर आलं: मन शरीराला हलवतं हे इंद्रियांना कळतं, कसं हलवतं ते कळत नाही. त्या साऱ्या पत्रव्यवहारात मला हेच सर्वांत प्रामाणिक वाटतं. आकार नसलेलं मन शरीराला हलवतं असं मानण्यापेक्षा मनालाच जड, म्हणजे भौतिक, मानणं तिला सोपं वाटत होतं.

आपल्याकडे सांख्य या प्राचीन दर्शनानं तेच केलं होतं. त्याच्या मांडणीत मन प्रकृतीतलं, म्हणजे जड सृष्टीतलं, हातापायांच्याच बाजूचं. वेगळा उरला तो पुरुष, म्हणजे जाणणारं तत्त्व, नुसता पाहणारा. पण गाठ सुटली नाही, पुढे सरकली. काहीच न करणारा पुरुष आणि काहीच न जाणणारी प्रकृती एकमेकांना साथ देतात कशी? ‘सांख्यकारिका’ लिहिणाऱ्या ईश्वरकृष्णानं पांगळ्या-आंधळ्याचा दाखला दिला: एक वाट दाखवतो, दुसरा चालतो. पण आंधळ्याला निदान हाक ऐकू येते. प्रकृतीला ती कशी पोचावी?

(काळोख. होडी बंदराबाहेर पडते.)

तांडेल सुकाणू धरून उभा आहे, पाय उघडे. इंजिनाचा ठोका किंचित बदलतो. वळून न बघता तो वेग कमी करतो. तळव्यांना आधीच कळलेलं असतं.