नंबर, नोंद आणि ठासणीची बंदूक

श्रोतेहो, नमस्कार.

पाटण, जावळी, शिराळा या पट्ट्यात भुईमूग भरायला लागला की रात्री रानडुकरं उतरतात आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते. तिची नोंद पक्की करून घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "नाव चढलं की बंदूक गेली."

या भीतीला कारणं आहेत. १८७८ च्या कायद्यानं इथल्या माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा झाला आणि गोऱ्यांना सूट मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. तिसरं जमा करावं लागलं. कॅनडानं १९९५ च्या कायद्यानं लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी आणली, पण विरोध इतका टिकला की २०१२ मध्ये ती मोडीत काढली. अमेरिकेत तर १९८६ पासून केंद्र सरकारला बंदूकमालकांची एकत्र यादी करायला कायद्यानंच मनाई आहे. ही उदाहरणं चावडीवर ऐकायला बरी वाटतात. आपल्याकडे मात्र विनापरवाना बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे आणि त्याला किमान दोन वर्षं कैद आहे. फॉर्म भरायचा टाळला तर इथं दंडावर भागत नाही.

आता युआयएनचं, म्हणजे परवान्याच्या एकमेव ओळख क्रमांकाचं, बघू. तुमचा परवाना केंद्राच्या संगणकीय नोंदीत चढला की त्याला हा क्रमांक मिळतो. तो घेण्याची मुदत अनेकदा वाढवली, शेवटची २९ जून २०२० होती. क्रमांक नसलेला परवाना अवैध समजला जातो. पुस्तिकेवर नूतनीकरणाचे शिक्के कितीही असोत, त्यांचा इथं उपयोग नाही. पाटणहून साताऱ्याला किंवा शिराळ्याहून सांगलीला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत खेटे घालायचे, त्यात दिवसाची मजुरी बुडते, ही तक्रार अगदी रास्त आहे. तरीही जावं लागतं.

घोडं अडतं ते बहुतेकदा नंबरावर. पुस्तिकेतला नंबर आणि नळीवरचा नंबर जुळला पाहिजे. ठासणीच्या बंदुकीवर तो हातानं ठोकलेला असतो. गंज चढतो आणि ३ चा ८ दिसायला लागतो. मग कोणीतरी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतं. तसं अजिबात करू नका. नंबर घासणं, खोडणं, बदलणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ८ खाली गुन्हा आहे. शिवाय खोडलेल्या नंबराची बंदूक ज्याच्या ताब्यात सापडते त्यानंच तो खोडला असं कायदा धरून चालतो, आणि उलट सिद्ध करायचं ओझं त्याच्यावरच. रॉकेलचा बोळा नंबरावर तासभर ठेवा, मऊ फडक्यानं टिपा, वर खडूची भुकटी चोळून पुसून घ्या. भुकटी खोलगट रेघांत राहते आणि आकडा उठून दिसतो. फोटो तिरक्या उजेडात काढा. तरीही तफावत राहिली तर अर्जात तसं स्वतःहून लिहा.

हे करण्याआधी नळीत ठासलेला बार काढलाय का ते बघा. घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी असेल तर आधी ती काढा. नळीचं तोंड स्वतःपासून आणि माणसांपासून दूर ठेवून गज आत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावा. खूण तोंडाशी धरल्यावर त्याचं टोक निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या बोंडाच्या, जवळपास आलं पाहिजे. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत ठासलेलं आहे. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत असते. असा बार घरी उपसू नका, परवानाधारक कारागिराकडे सोपवा.

वाड्याच्या भिंतीवर टांगलेल्या जुन्या बंदुकीला नोंद लागत नाही, हा समज अर्धाच खरा. सूट आहे ती दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारांना. नुसता चाप तुटलेला असेल तर ती कायद्याच्या लेखी बंदूकच.

आणखी एक नोंद असते, ती कोणी सांगत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन्यजीव विभागाकडे वेगळी नोंद करायची असते. कोयनेच्या काठची गावं त्यात येतात, तशी सागरेश्वरच्या भोवतालचीही. आणि या दोन्ही नोंदी असल्या तरी डुकरावर बार टाकायचा तर वनखात्याची परवानगी निराळी. गव्याचा तर विचारही नको.

वडील गेले, बंदूक घरात आहे आणि मुलाच्या नावे परवाना नाही, ही स्थिती सगळ्यात धोक्याची. विनाकारण उशीर न करता ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाचा अर्ज द्या. वडील हयात असतील, वय सत्तर झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे पंचवीस वर्षं असेल, तर त्यांनाच वारस सुचवता येतो. त्यासाठी कोणी जाण्याची वाट बघायला नको.

जमा केलेलं हत्यार परत मागायचा किंवा परवानाधारकाला विकायचा हक्क मालकाकडेच राहतो. मुदतीत दोन्ही केलं नाही तरच ते सरकारजमा होऊ शकतं. म्हणून पोहोच घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका. तिच्यावर नळीचा नंबर, तारीख, सही आणि शिक्का असू द्या. नुसतं "एक जुनी बंदूक" असं लिहून दिलं तर तिथंच दुरुस्त करून घ्या.