घूं कुठून येते?

(आवाज: स्पीकरमधली जाड, सलग घूं)

गाणं बंद आहे, फाइल बंद आहे, तरी स्पीकर गप्प बसत नाही. लगेच नवी केबल मागवू नका. आधी कान देऊन ऐका, कारण बिघाड कोणत्या वाटेने आत शिरलाय ते बहुतेक वेळा आवाजावरूनच कळतं.

ही जाड घूं भिंतीतल्या विजेची. बहुतेक देशांत वीजप्रवाह सेकंदाला ५० वेळा झुलतो, अमेरिकेत ६० वेळा. त्याच्याच पटीतले, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्‌झचे आणि त्यावरचे सूरही सोबत येतात. लहान स्पीकरमध्ये तर हे वरचेच जास्त ऐकू येतात.

(आवाज: बारीक किर्र, मध्येच चढणारी)

ही वेगळी. माउस हलवला की बदलते, गेम सुरू केला की चिरकते. हा संगणकाच्या पोटातला गोंगाट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड क्षणाक्षणाला कमी-जास्त करंट ओढतात, आणि तो चढउतार यूएसबीच्या पाच व्होल्टच्या तारेतून नाहीतर ग्राउंडमधून (सगळ्या भागांच्या सामाईक परतीच्या वाटेतून) ऑडिओपर्यंत पोचतो. एकाच सुरात शिट्टी वाजत असेल, १,००० किंवा ८,००० हर्ट्‌झच्या आसपास, तर संशय थेट यूएसबीवर घ्या. त्याचा डेटा नेमक्या याच ठोक्यांवर चालतो.

जुन्या टूजी फोनची टर्रर्र-टर्रर्र ओळखीची आहेच. फोन दूर ठेवा, झालं. आणि अधूनमधून तडतड होऊन आवाज तुटत असेल, तर बहुधा तारांचा दोष नाही. सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा, वाढवून बघा.

आता पुन्हा घूंकडे, कारण सगळ्यात जास्त छळते ती हीच.

संगणक एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्यावर. दोघांनाही अर्थिंग आहे, म्हणजे सगळं नियमाप्रमाणे. मग मध्ये ऑडिओ केबल जोडली जाते आणि तिची शिल्ड, म्हणजे आतल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण, दोन्हींच्या ग्राउंडला एकत्र आणते. बंद वळसा तयार झाला. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी शिल्डमधून करंट वाहू लागतो. साध्या केबलमध्ये ही शिल्डच सिग्नलची परतीची तार असते, त्यामुळे ॲम्प्लिफायर तो फरकही गाणं समजून मोठा करतो. केबल सोन्याचा मुलामा दिलेली असली तरी काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही.

खात्री सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घूं गेली? मग वाट चार्जरमधून आहे. डेस्कटॉप असेल तर बाकीच्या तारा एकेक करून काढा: मॉनिटर, प्रिंटर, नेटवर्क. आणि टीव्हीची अँटेना किंवा केबल कुठे जोडलेली असेल तर ती सगळ्यात आधी.

उपायही स्वस्तातून सुरू करा. संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. एवढ्यावर भागलं नाही, तर ऑडिओ केबलच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना तारेने जोडलेल्या नसतात, सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो आणि वळसा तुटतो. अगदी स्वस्त ट्रान्सफॉर्मर मात्र बेस खातो.

दोन्हीकडे सोय असेल तर बॅलन्स्ड केबल उत्तम. तिच्यात सिग्नलच्या दोन तारा असतात. बाहेरून आलेला त्रास दोन्हींवर सारखाच बसतो आणि पुढे वजाबाकीत निघून जातो. संगणकाच्या छोट्या हेडफोन जॅकमधून हा फायदा पूर्ण मिळत नाही, कारण ते आउटपुट मुळात बॅलन्स्ड नाही. ऑप्टिकल केबलमध्ये तर तांबंच नसतं, नुसता प्रकाश जातो. तिथे लूप व्हायला जागाच नाही.

एक उपाय बरेच जण सुचवतील: प्लगची अर्थ पिन काढून टाका. घूं जाते, हे खरं. पण आत कधी लाइव्ह तार सुटून कॅबिनेटला टेकली, तर करंट जमिनीत जायला तुमच्या हातातून वाट काढेल. तेव्हा अर्थ पिनला हात लावायचा नाही; तोडायचा तो ऑडिओ केबलमधला वळसा.

माउसवाली किर्र उरली असेल, तर कॅबिनेटचा पुढचा जॅक सोडा. त्याची बारीक वायर मदरबोर्डवरून सगळा गोंगाट गोळा करत येते. मागचा जॅक वापरा, किंवा बाहेरचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीला जोडायचं वेगळं साउंड कार्ड. तरीही किर्र राहिली तर यूएसबी आयसोलेटर; तो डेटा जाऊ देतो, पण दोन्हीकडच्या तारांचा थेट संबंध तोडतो. घेताना एवढं बघा, की तो तुमच्या इंटरफेसच्या वेगाला चालतो. बरेच स्वस्त आयसोलेटर जुन्या, मंद यूएसबीपुरतेच असतात.