आवारातली बाग आणि खालचा राडारोडा

मंडळी, बागेवर बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पानं पिवळी पडताहेत, कुठलं औषध मारू?’ मी उलट विचारतो, कुठली पानं? शेंड्याची की बुडाची? इथे बहुतेक जण घुटमळतात, कारण तेवढं निरखून पाहिलेलंच नसतं. बुडाची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर झाडाला लोह मिळत नाहीये. आणि माती ओलीगच्च असूनही अख्खं झाड मलूल दिसत असेल, तर मुळं गुदमरताहेत. दुखणी तीन वेगवेगळी, पण दुकानातून बाटली एकच आणली जाते.

लोहाचं जरा नीट सांगतो. जास्वंद, मोगरा, लिंबू यांना आपल्याकडे ही तक्रार कायमची. गंमत अशी की दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीत लोह भरपूर असतं. पण चुनखडीच्या जमिनीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता मोजणारा पीएच, आठाच्या आसपास गेला की ते विरघळत नाही आणि मुळांच्या हाती लागत नाही. त्यात घर नव्यानं बांधलेलं असेल तर आवारात प्लास्टरचे तुकडे, सिमेंटची खरवड पुरलेली असते, आणि वरून बोअरचं जड पाणी. सगळा चुन्याचाच कारभार. अशा जमिनीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकलंत तर त्यातलंही लोह थोड्याच दिवसांत अडकून बसतं. त्यापेक्षा लिटरला पाच ग्रॅम हिराकस विरघळवून, ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. नवी पानं आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवी धरतात. फरशीवर मात्र सांडू देऊ नका. तांबूस डाग पडतो, तो निघत नाही, आणि मग घरात जे ऐकावं लागेल त्याला मी जबाबदार नाही. मातीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घ्या, पण डब्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते वाचा. ‘ईडीटीए’वालं स्वस्त मिळतं, मात्र चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही.

हे झालं वरवरचं. खरं कारण बघायचं तर पहार घ्या आणि कोपऱ्यात फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा करा. नव्या बंगल्याच्या आवारात काय निघतं? वर सहा इंच विकतची लाल माती. तिच्याखाली पायाच्या खोदाईतला मुरूम, विटांचे तुकडे, कडक झालेले सिमेंटचे गोळे, मधूनच फाटकं गोणपाट. ठेकेदाराला राडारोडा बाहेर टाकायला ट्रकचं भाडं पडतं. मग तो तिथेच पसरून वरून तांबडा मुलामा दिला जातो. आपण त्या मुलाम्यात गुलाब लावतो आणि वर्षभरानं नर्सरीवाल्याला नावं ठेवतो.

खड्डा झाला की तो पाण्यानं भरा. जिरू द्या, पुन्हा भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिते, त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा. तासाला इंचभर तरी उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी तसंच दिसलं, तर तिथे कितीही महागाचं रोप लावा, पावसाळ्यात ते सडणार. काळ्या मातीतच एक मोठा खड्डा घेऊन त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरायचं, हा उपाय माळी हमखास सुचवतात. तो करू नका. भोवतालच्या चिकण मातीतून पाणी बाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे तुम्ही झाडासाठी हौदच बांधलात. दोन-चार घमेली वाळू मिसळूनही काही साधत नाही. गादीवाफा फूटभर उंच करा, त्यात कुजलेलं कंपोस्ट भरपूर घाला आणि पाण्याला उताराकडे वाट काढून द्या. आवारातला पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याच वाफ्यावर अंथरा; खोडापासून तेवढा वीतभर लांब ठेवा.

शेणखताबद्दल एक. ते कच्चं घेऊ नका. हात घातल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून कुजायचंय. त्यातून तणाचं बी येतं आणि हुमणीही येते. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची ही पांढरी अळी मुळं कुरतडते. हिरवळीचे गोल पट्टे वाळतात आणि ओढले तर गालिच्यासारखे हातात येतात. हिचे भुंगेरे वळवाच्या किंवा जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर गोळा होतात. अंधार पडल्यावर फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. जमिनीत अंडी पडण्याआधी एवढं केलंत तर पुढचं बरंच काम वाचतं.

गोगलगायींचं थोडक्यात सांगतो. ही मोठी आफ्रिकन गोगलगाय 1847 साली कोलकात्यात आणली गेली आणि 2022 मध्ये तिनं लातूरकडचं सोयाबीनही खाल्लं. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री वाफ्याजवळ टाका, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घालूनच, हिच्यातून माणसाला अपायकारक जंत येऊ शकतात.

लव्हाळा या चिवट तणाचा विषय निघाला की मी जरा हताश होतो. उपटलात तर पात हातात येते आणि कंद खाली राहतात, एकाला एक जोडलेले. तो प्लास्टिकच्या कागदालाही भोक पाडून वर येतो. पण त्याला सावली सोसत नाही. म्हणून त्या जागेवर हिरवळीचा हट्ट सोडा, दाट पसरणारं काहीतरी लावा आणि दोन वर्षं धीर धरा.

मागच्या ओळीतून प्रश्न आलाय की आंब्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत, झाड वाळत चाललंय, तर काढून टाकावं का? काकू, आधी ब्लॉक काढा, झाड नंतर बघू. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी करा, तीवर पाचोळा घाला आणि पाणी बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या टोकाखाली द्या, कारण पाणी पिणारी बारीक मुळं त्या बाजूला असतात. एक पावसाळा जाऊ द्या. तरीही काढायची वेळ आलीच, तर आवार स्वतःचं असलं तरी परवानगी लागते. शहरांसाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा, सोबत झाडाचे फोटो जोडायचे, आणि उत्तर येईपर्यंत कुऱ्हाडवाल्याला आगाऊ पैसे द्यायचे नाहीत.