टेम्सकाठचे वीजघर

श्रोतेहो, नमस्कार.

माझी सारी नोकरी चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्रात झाली. ऊर्जानगरच्या वसाहतीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक असेल की, तिथे रात्री आवाज थांबला की माणसाला जाग येते. संच ट्रिप झाला, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र आपोआप बंद पडले, की ज्याची पाळी नाही तोही अंथरुणात उठून बसतो आणि आवाज पुन्हा कधी सुरू होतो याची वाट पाहतो. गेल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे लंडनला गेलो होतो. तिने काय काय पाहायचे याची यादी केली होती. राजवाडा, संग्रहालये, बागा हे सगळे मी पाहीनच, पण एक पूर्ण दिवस मला टेम्स नदीकाठच्या बॅटरसीच्या जुन्या वीजघरासाठी हवा आहे, असे मी तिला आधीच सांगून ठेवले होते. ते केंद्र 1983 साली कायमचे बंद झाले आणि आमच्या चंद्रपूरचा पहिला संच सुरू झाला तोही 1983 सालीच. केवळ योगायोग असला तरी एवढ्या कारणाने ती वास्तू मला वर्षानुवर्षे आपल्या नात्यातली वाटत आली होती.

तिथे आता भुयारी रेल्वेने जाता येते. नॉर्दर्न मार्गाचा नवा फाटा 2021 च्या सप्टेंबरात सुरू झाला आणि वीजघराच्या नावाचेच स्थानक मिळाले. आम्ही मात्र, म्हणजे मी, मुलगी आणि दहा वर्षांची नात, वेस्टमिन्स्टरहून बोटीने निघालो. कोळसा ज्या वाटेने येत असे त्याच वाटेने जावे, एवढाच माझा हट्ट होता. केंद्राला दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक कोळसा लागे आणि त्यातला बहुतेक समुद्रमार्गे येऊन याच नदीतून या धक्क्याला लागत असे. वाटेत पुलामागून पूल लागतात, म्हणून ती कोळशाची जहाजे मुद्दाम बुटकी बांधलेली असत. त्यांची धुराडी आणि डोलकाठ्या पुलांखालून जाता यावे अशा बेताने केलेल्या असत. लॅम्बेथचा पूल गेला, व्हॉक्सहॉलचा गेला, मग व्हिक्टोरिया स्थानकाकडे जाणारा रेल्वेचा पूल समोर दिसू लागला आणि त्याच्या अलीकडे चार पांढरी धुराडी एकदम उघडी झाली. काठावर कोळसा उतरवणाऱ्या दोन जुन्या क्रेन अजून उभ्या आहेत. चंद्रपुरात वॅगन उलटवून कोळसा खाली करताना मी हजारदा पाहिले आहे. नदीतून उचललेला कोळसा पट्ट्यावरून बंकरकडे जातानाचे चित्र त्या दोन क्रेनकडे पाहून डोळ्यांसमोर सहज उभे राहिले.

आकड्यांनी पाहिले तर हे केंद्र आज लहानच म्हणावे लागेल. पूर्ण क्षमतेने चालत असताना त्याची शक्ती सुमारे 500 मेगावॉट होती; आमच्याकडचा पाचवा, सहावा किंवा सातवा संच एकटा तेवढी वीज देतो. पण एके काळी लंडनच्या विजेपैकी सुमारे एकपंचमांश वीज इथून जात असे. बाहेरून एकसंध दिसणारी ही इमारत खरे तर दोन केंद्रे शेजारी शेजारी बांधून झालेली आहे. पश्चिमेकडील 'अ' केंद्राचे काम 1929 साली सुरू होऊन 1935 साली पुरे झाले, पूर्वेकडील 'ब' केंद्र दुसऱ्या महायुद्धानंतर, 1955 साली पुरे झाले, आणि तेव्हा कुठे चारही धुराडी आकाशात दिसू लागली. मधल्या वीस वर्षांत लंडनकरांनी या इमारतीचे अपुरेच रूप पाहिले होते.

शहराच्या ऐन मध्यात, संसदेपासून हाकेच्या अंतरावर एवढे मोठे वीजघर बांधायचे ठरले तेव्हा मोठा विरोध झाला होता आणि त्या विरोधाचे दोन परिणाम आजही अभ्यासण्याजोगे आहेत. पहिला परिणाम म्हणजे बाह्यरूप सुधारण्यासाठी जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाला बोलावण्यात आले. लंडनच्या रस्त्यांवरील लाल टेलिफोनचे खोके आणि लिव्हरपूलचे कॅथीड्रल त्याचेच. पोलादी सांगाड्याभोवती सुमारे 60 लाख विटांची भिंत चढवताना त्याने कारखान्याला देवालयाचे गांभीर्य दिले. दुसरा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे धूर धुऊन बाहेर सोडण्याची व्यवस्था. धुरातील गंधक काढण्यासाठी तो टेम्सच्या पाण्याने आणि खडूच्या द्रावणाने धुतला जाई, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे काम जगात प्रथम याच केंद्राने केले. त्याचेही दोष होते. धुतलेला धूर थंड आणि ओला होऊन जवळपास खाली उतरे आणि वापरलेले पाणी पुन्हा नदीतच जाई. तरीही आपल्या देशातील कोळशाच्या केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा कधी आणि कशी बसवायची यावर आजही वाद चालू असताना, ज्यांनी 1930 च्या दशकात हा प्रश्न अंगावर घेतला त्या अभियंत्यांसमोर मी मनोमन हात जोडले.

आत शिरल्यावर पहिल्या काही मिनिटांत मला उदास वाटले हे मान्य केले पाहिजे. जिथे टर्बाइन फिरत होते त्या दोन्ही दालनांत आज कपड्यांची, घड्याळांची आणि अत्तरांची दुकाने आहेत. मधल्या बॉयलरघरात खाण्यापिण्याची जागा आहे आणि त्यावरच्या मजल्यांवर ॲपल कंपनीची कार्यालये आहेत. यंत्रे नाहीत. ती 1980 च्या दशकातच निघून गेली. इथे एक मनोरंजन उद्यान करण्याची योजना आखली गेली होती, आणि यंत्रे बाहेर काढण्यासाठी छत व पश्चिमेची भिंत उतरवली गेली. 1989 साली पैसे संपून काम थांबले आणि पोलादी सांगाडा पाऊस झेलत उघडा राहिला. त्यानंतर एकामागून एक मालक आले आणि गेले. 2012 साली मलेशियाच्या कंपन्यांनी ही जागा घेतली आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बंद झाल्यापासून जवळजवळ चाळीस वर्षांनी, दारे लोकांसाठी उघडली.

उदासी ओसरली ती भिंतीजवळ गेल्यावर. पश्चिमेच्या दालनात 1930 च्या दशकातले खोबणीदार खांब आहेत, फिकट रंगाच्या चकाकत्या फरशांनी मढवलेले, आणि ते थेट छतापर्यंत जातात. पूर्वेच्या दालनात युद्धानंतरची काटकसर दिसते. तिथली भिंत साधी, रेषा सरळ. एकाच इमारतीत एका देशाची ऐपत आणि ओढाताण अशी समोरासमोर वाचता येते. डागडुजीसाठी लागलेल्या सुमारे 17.5 लाख विटा मूळ विटा घडवणाऱ्या भट्ट्यांकडूनच करून घेतल्या आहेत, आणि जुनी वीट कुठे संपली व नवी कुठे सुरू झाली हे शोधत मी बराच वेळ फिरलो. काही ठिकाणी भिंत मुद्दाम जशी होती तशी ठेवली आहे, काजळीच्या आणि ओरखड्यांच्या खुणांसह. त्या खुणांवरून मी हात फिरवला. कोळशाच्या केंद्रात काम केलेल्या माणसाला तो काळा रंग ओळखू येतो. तो धुतल्याने जात नाही, कपड्यांतून, नखांतून घरी येतो.

या दिवसाचे सार मात्र मला 'ब' केंद्राच्या नियंत्रण कक्षात सापडले. आता तिथे पेयपानाची जागा आहे. दुपारी गर्दी कमी असते, म्हणून आम्ही तेव्हा गेलो. पोलादी मेजे, तबकड्या, मुठी, बटणे सारे जागेवर आहे. 'अ' केंद्राचा कक्ष संगमरवरी भिंतींचा आणि अधिक देखणा आहे, परंतु तो खासगी समारंभांसाठी राखलेला असतो. मला साधा कक्षच आवडला, कारण तो आमच्या कक्षाचा थोरला भाऊ वाटला. नातीने विचारले, "आजोबा, यातलं कुठलं बटण दाबलं की दिवे लागायचे?"

मी तिला एका तबकडीपाशी नेले आणि सांगितले की, असे एक बटण कधीच नसते. टर्बाइन फिरू लागले म्हणजे लगेच वीज देता येत नाही. बाहेरच्या जाळ्यात शेकडो यंत्रे आधीच एका लयीत फिरत असतात, सेकंदाला पन्नास आवर्तने, आणि आपल्या यंत्राला त्या लयीत अचूक सामील व्हावे लागते. विजेचा दाब जुळला पाहिजे, वेग जुळला पाहिजे आणि लाटेवर लाट बसली पाहिजे. त्यासाठी एक काटा असतो. तो हळूहळू फिरत असतो आणि घड्याळातल्या बाराच्या जागी येतो त्या क्षणी मूठ फिरवायची. चुकले तर काही टनांचा रोटर, म्हणजे यंत्राचा फिरता भाग, जोरात हिसका खातो. माझ्या पहिल्या वेळी माझ्या मागे आमचे शिफ्टप्रमुख उभे होते आणि ते एक शब्दही बोलले नव्हते. काटा बारावर आला तेव्हा त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. नातीने बराच वेळ त्या तबकडीकडे पाहिले आणि विचारले, "इथेही तसं कुणी उभं असायचं?" असणारच, मी म्हणालो. 20 एप्रिल 1964 रोजी याच केंद्रात आग लागली, पश्चिम लंडनचा मोठा भाग अंधारात गेला आणि बीबीसीच्या दुसऱ्या दूरचित्रवाहिनीचे उद्घाटन त्या संध्याकाळी होऊ शकले नाही. त्या रात्री या मेजांपुढे बसलेल्या माणसांवर काय गुदरले असेल, हे तिथे उभे राहून मी समजू शकत होतो.

चंद्रपूरचे पहिले दोन संच आता बंद झाले आहेत. त्यांच्या नियंत्रण कक्षातील मेजे, नोंदवह्या, पाळीच्या माणसांची हस्ताक्षरे भंगारात जाण्याआधी कुणी जपून ठेवावीत असे मला फार मनापासून वाटते, आणि आज आकाशवाणीवर बोलण्याची संधी मिळाली म्हणून ते मोकळेपणाने सांगतो आहे. बॅटरसीच्या दुकानांच्या इमारतीत यंत्रे नाहीत, पण नियंत्रण कक्षाच्या या एका खोलीमुळे इथे काम होत असे हे कळते. ती खोली नसती तर उरली असती ती सुंदर भिंत.

संध्याकाळी आम्ही उत्तर-पश्चिमेच्या धुराड्यातून वर गेलो. त्यात आता काचेची गोल लिफ्ट आहे आणि ती धुराड्याच्या तोंडातून बाहेर येत 109 मीटर उंचीवर थांबते. जिथून धूर जायचा तिथून माणूस वर जातो, ही कल्पना मला विलक्षण वाटली. चारही धुराड्यांमधील लोखंड गंजले होते, म्हणून 2014 ते 2017 या काळात ती उतरवून तशीच नव्याने बांधली गेली. वरून सगळे शहर दिसते, आणि पायाशी नव्या घरांच्या काचेच्या रांगा दिसतात. या प्रकल्पात सामान्य उत्पन्नाच्या लोकांसाठी ठरलेली घरे 2017 साली 636 वरून 386 वर आणली गेली. विटांच्या बाबतीत जेवढा आग्रह धरला गेला तेवढा या घरांच्या बाबतीतही धरायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाली उतरल्यावर आम्ही नदीकाठी बसलो. कोळशातील उष्णतेपैकी साधारण एकतृतीयांशाचीच वीज होते आणि उरलेली पाण्यात व हवेत जाते. ऊर्जानगरच्या कूलिंग टॉवरवर दिसणारे पांढरे ढग म्हणजे तीच. बॅटरसीने ती सारी वाया जाऊ दिली नाही. 1950 पासून इथले गरम पाणी टेम्सखालच्या बोगद्यातून पलीकडे पिमलिकोतील कामगारवस्तीच्या नव्या घरांना जात असे, आणि ते साठवण्यासाठी तिथे काचेने मढवलेला एक उंच मनोरा बांधला गेला. वीजघर बंद झाल्यावर त्या वस्तीने स्वतःचे बॉयलर बसवले, पण मनोरा आणि घराघरांत गेलेल्या नळांचे जाळे तेच राहिले. त्यावर आजही तीन हजारांहून अधिक घरे उबदार राहतात. मी नातीला पलीकडच्या काठावरील तो मनोरा दाखवला. त्यात आता, या क्षणी, गरम पाणी आहे का, असे तिने विचारले. आहे, मी म्हणालो. मग बोट येईपर्यंत ती त्याच्याकडेच पाहत बसली.